तांदळातली अढी

कपडे काढून झाले तरी वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये काहीतरी खडखडत होतं. हात घातला तर बोटभर लांबीची, निळी, गुळगुळीत, चपटी वस्तू हाताला लागली. एका टोकाला मोबाइलच्या चार्जरला असतं तसं भोक, दुसरं टोक शिट्टीच्या तोंडासारखं निमुळतं. पेन ड्राइव्ह असणार. ओंकारच्या जीन्सच्या खिशात राहिला असेल आणि त्यात पोराच्या क्लासच्या नोट्स असतील. मला फार वाईट वाटलं. मग भिजलेल्या मोबाइलचं आपल्याकडे जे करतात तेच केलं. पुसून तांदळाच्या डब्यात खुपसला आणि विसरून गेले.

दोन दिवसांनी कुकर उघडला तर वाफेला आंब्याचा वास. हापूसचा नाही, पायरीचाही नाही. लग्नाच्या जेवणात शेवटी कागदी कपात मिळतं ना, त्या पिवळ्याजर्द आइस्क्रीमचा. ‘भातात इसेन्स घातलास की काय?’ नवऱ्याने विचारलं. ओंकारने मान वर केली नाही. पाच मिनिटांत वरणभात संपवून तो ताट घेऊन मोरीकडे गेला. एरवी त्याला तीनदा वाढावं लागतं.

तांदळात आंबा ठेवायची आमच्या घरातली पद्धत जुनी आहे. कराडला आई कच्चे आंबे असेच डब्यात पुरायची आणि दुपारी झाकण उघडून नुसत्या वासावरून सांगायची, अजून दोन दिवस. अढी घालणं हा शब्द ओंकारला माहीत नाही. त्याच्या घरी आंबे पिकलेलेच येतात. त्या रात्री मी डब्यातून जे काढलं त्याचा फोटो काढून शोधलं, तेव्हा कळलं की ही व्हेप, म्हणजे ई-सिगरेट. एकदा वापरून फेकून द्यायची, आंब्याच्या चवीची. आणि हेही कळलं की भिजलेली लिथियम बॅटरी पाच किलो तांदळात दाबून गॅसच्या ओट्याखाली दोन दिवस ठेवणारी बाई म्हणजे मी. घरात धोका कोणाला जास्त कळतो, हा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

ओंकार माझ्या दादाचा मुलगा. वय सोळा. दहावीनंतर क्लाससाठी पुण्यात आला, तो आमच्याकडेच राहतो. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे पोरगा योग्य जागी पडलाय अशी दादा-वहिनींची समजूत आहे. वहिनीला मी हे सांगितलं की नाही, ते इथे लिहिणार नाही.

मी भाषण तयार ठेवलं होतं. गॅलरीत त्याच्यासमोर ती निळी पट्टी ठेवली. तिच्या भोकात एक तांदळाचा दाणा अजून अडकलेला होता.

‘यात काय असतं, माहितीये तुला?’

‘निकोटिन पाच टक्के. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि फ्लेवर.’ पाढा म्हणावा तसं.

‘आणि कॅन्सर?’

‘अगं आत्या, तो टारने होतो. यात काही जळतच नाही तर टार कुठून येणार? इंग्लंडच्या सरकारचाच रिपोर्ट आहे, सिगरेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक.’

‘तुझ्या आजोबांना काय झालं ते विसरलास?’

‘आजोबा अठ्ठ्याहत्तरपर्यंत जगले,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, समोरच्याच्या सोयीसाठी म्हणून, ‘आणि तिसाव्या वर्षापर्यंत सोडलं ना, तर सगळं भरून निघतं. डॉक्टरांवरच अभ्यास केलाय. म्हणजे माझ्याकडे चौदा वर्षं आहेत.’

वाईट म्हणजे यातलं एकही वाक्य पुरतं खोटं नव्हतं. रिपोर्ट खरा आहे. पब्लिक हेल्थ इंग्लंडने २०१५ मध्ये तो आकडा दिला. अभ्यासही खरा आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना प्रश्नावल्या पाठवल्या. चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू पुढे पन्नास वर्षं नोंदले गेले. २००४ मध्ये हिशेब छापून आला: ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले आणि तिशीत सोडणाऱ्यांची ती दहाही वर्षं जवळपास वाचली. हा निष्कर्ष लिहिणाऱ्यांनी तो धीर देण्यासाठी लिहिला होता. माझ्या भाच्याने तो सवलतीसारखा वाचला.

भाषण माझ्या घशातच राहिलं. मी आवाज चढवणार, तेवढ्यात त्याने शेवटचा टोला दिला. ‘तू मंडईत हेल्मेट न घालता जातेस की.’

‘ते जवळ आहे.’

‘तेच,’ ओंकार म्हणाला.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा वार किती खोल लागतो ते पुणेकरच जाणे. हेल्मेटविरोधात मोर्चे काढलेलं गाव आमचं. आणि मला काय माहीत नाही? डोकं फुटायला हायवे लागत नाही, मंडईच्या वळणावरचा एक रिक्षावालाही पुरतो. पण निघताना मी आयुष्यभराच्या फेऱ्यांची बेरीज करत नाही. आजची ही एक फेरी बघते. कोथिंबीर, लिंबू आणि परत.

मुलांना धोका कळत नाही म्हणून ती ओढतात, असं आपण धरून चालतो. म्हणून त्यांना आणखी सांगायचं, आणखी दाखवायचं. २०१६ पासून आपल्याकडे सिगरेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला आहे, त्यात तो सडलेला घसा असतो. थिएटरात पिक्चरच्या आधी तंबाखूविरोधी जाहिराती लागतात. माझ्या वर्गातली मुलं त्यांतले आवाज इतके हुबेहूब काढतात की मलाही हसू आवरत नाही. माहिती पोचली आहे. गरजेपेक्षा जास्तच पोचली असावी.

अमेरिकेत किप व्हिस्कुसी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने लोकांच्या या अंदाजाचाच अभ्यास केला. सिगरेट ओढणाऱ्या शंभर माणसांपैकी किती जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होईल, या प्रश्नाला लोकांनी दिलेल्या उत्तरांची सरासरी ४३ च्या आसपास आली. खरं प्रमाण त्याहून पुष्कळ कमी आहे. व्हिस्कुसींनी अनुमान काढलं की लोक धोका वाढवूनच धरतात; तरीही ओढतात, म्हणजे समजून-उमजून ओढतात. तंबाखू कंपन्यांना हे ऐकायला कानात अत्तराचा फाया ठेवल्यासारखं वाटलं असेल. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने मात्र प्रश्नच फिरवला. त्यांनी किशोरवयीन मुलांना शंभर माणसांबद्दल विचारण्याऐवजी पुढच्या एका सिगरेटबद्दल विचारलं, पहिल्या काही वर्षांबद्दल विचारलं. तेव्हा दिसलं की तीस-चाळीस वर्षांनी काय होतं ते या मुलांना ठाऊक आहे, पण पुढच्या एका सिगरेटने काही बिघडत नाही असंही ओढणाऱ्यांपैकी अनेकांना वाटतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदतात. मंडईला जाणाऱ्या माझ्या डोक्यात नांदतात तशाच.

हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी संभाव्यतेच्या तासाला मी वर्गात एक गणित घातलं. समजा एखादी गोष्ट रोज केली आणि दर वेळी काही वाईट होण्याची शक्यता हजारात एक असली, तर वर्षभरात ते एकदा तरी होण्याची शक्यता किती? बहुतेकांनी ‘अगदी थोडी’ म्हटलं. मग ०.९९९ चा ३६५ वा घात काढला, एकातून वजा केला, आणि फळ्यावर ३१ टक्के आले. दहा वर्षं धरली तर ९७. वर्ग गप्प झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, ‘पण मॅडम, उद्याची शक्यता हजारात एकच ना?’

बरोबर होतं त्याचं. स्वतंत्र घटना कशाला म्हणायचं ते मीच आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. नाण्याला आठवण नसते. दहा वेळा छापा पडला तरी अकराव्या वेळी अर्धाच. मी ‘हो, पण’ म्हणाले आणि घंटा झाली. कधी नव्हे ती घंटा देवासारखी धावून आली.

ओंकारकडून बाकीची गोष्ट हळूहळू बाहेर आली, पोहे खाताना, स्कूटरवर मागे बसून, म्हणजे जिथे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही अशा ठिकाणी. क्लासच्या चौघांनी मिळून ती घेतली होती. बाराशे रुपयांची, तीनशे-तीनशे कॉन्ट्रिब्युशन. कुणाच्या तरी मोठ्या भावाच्या ओळखीतून, मोबाइलवर मेसेज करून. दिवस वाटून घेतले होते. ती मशीनमध्ये सापडली तो शुक्रवार, ओंकारचा वार.

‘नाही म्हणता आलं नसतं का?’

‘आलं असतं,’ तो म्हणाला. ‘पण तुला माहितीये ते मला काय म्हणतात? कराड. नाव पण नाही घेत. ए कराड, इकडे ये. पहिल्या दिवशी मी हिच्याकडे बघत बसलो तर एकजण म्हणाला, राहू दे रे, गावाकडं विडी असते.’

ही जोखीम माझ्या फळ्यावर नव्हती. तीस वर्षांनंतरचा कॅन्सर एका पारड्यात आणि आत्ता, या मिनिटाला, तिघांसमोर ‘कराड’ ठरणं दुसऱ्या पारड्यात. सोळाव्या वर्षी कोणतं खाली जातं हे कळायला तराजू कशाला हवा? मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये छापलेला एक साधा प्रयोग आहे. कॉम्प्युटरवर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची ते आपलं आपण ठरवायचं. एकटी असताना तेरा ते सोळाची मुलं मोठ्या माणसांइतकीच जपून चालवत होती. मित्र खोलीत असले की याच वयाच्या मुलांनी घेतलेले धोके दुपटीच्या आसपास गेले. चोविशीपुढच्यांना मित्र असले काय नि नसले काय, फरक पडला नाही. मी कित्येक वर्षं पालकसभेत ‘संगतीचा परिणाम’ हा शब्द आईबापांच्या तोंडून ऐकून मान डोलावत आले आहे. पण त्यात मला नेहमी वाईट मुलगा बिघडवतो असं चित्र दिसायचं. ओंकारला कुणी ओढायला सांगितलेलं नव्हतं. फक्त बघत होते.

आता माझी बाजू. १९९३, कोल्हापूर, मुलींच्या हॉस्टेलची गच्ची. पाण्याच्या टाकीच्या मागे आम्ही दोघी, मधे एक सिगरेट. मैत्रिणीने तिच्या मामाच्या खिशातून आणलेली. मला कशाची भीती होती? रेक्टरबाईंची. दादाला कळण्याची. खालून दूधवाला वर बघेल याची. आणि ‘सिगरेट ओढणारी मुलगी’ हे शब्द कराडला पोचले तर पुढच्या सगळ्या स्थळांचं काय, याची. फुप्फुसं त्या यादीत नव्हतीच. पहिला झुरका घेतला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून, नाकातून पाणी. मैत्रीण हसून हसून टाकीला टेकली. नंतर दात घासले, वर कच्चा कांदा खाल्ला, तरी वेणीला वास होताच. दोनदा केस धुवावे लागले. पुन्हा कधी ओढली नाही. मी शहाणी होते म्हणून नाही. ठसका आणि वास, दोघांनी माझी चुगली केली म्हणून.

ठसका ही आमच्या घराची फार जुनी ओळख आहे. आजी मिश्री लावायची. महिन्यातून एकदा अंगणात तीन दगडांवर जुना तवा ठेवून त्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची. तो धूर नाकात गेला की आम्ही पोरं खोकत खोकत थेट विहिरीपर्यंत पळायचो. आजी मात्र पदर नाकाला लावून शांतपणे पानं उलथायची. मग हाताने चुरून पूड डबीत. पहाटे डाव्या तळहातावर चिमूटभर, उजव्या हाताचं बोट फिरवत पायरीवर अर्धा तास. कुणी तंबाखू म्हटलं की तिला राग यायचा. ‘तंबाखू खाणाऱ्या बायका निराळ्या. मी दात घासते. त्यापेक्षा बरं.’

बाबा मिश्रीला हसायचे. ते फिल्टरची सिगरेट ओढायचे. ‘विडी नाही ओढत मी, फिल्टर आहे याला. त्यापेक्षा बरं.’ फिल्टरचा खरा जम बसला तोच कॅन्सरच्या बातम्या पेपरांत यायला लागल्यावर, १९५० च्या दशकात. पुढे ‘लाइट’ सिगरेट आल्या. त्यांच्या फिल्टरला बारीक भोकं असतात. मोजणारं यंत्र ओढतं तेव्हा त्या भोकांतून हवा आत येते आणि आकडे कमी भरतात. माणूस ओढतो तेव्हा त्याची बोटं, ओठ त्यावर असतात आणि हवं तेवढं मिळेपर्यंत तो झुरकाही खोल घेतो. ‘लाइट’ हा शब्द पाकिटावर छापायला आता आपल्याकडे बंदी आहे.

आणि ओंकार फिल्टरला हसतो. त्यापेक्षा बरं.

गंमत अशी की, प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य असतं. रोज पाकीट संपवणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने सिगरेट टाकून व्हेप धरली तर त्याचा फायदा आहे. इंग्लंडच्या रिपोर्टमधला तो ९५ चा आकडा अशा माणसासाठी होता. पण ओंकारने सिगरेट कधी ओढलीच नव्हती. त्याने तुलना करायची तर सिगरेटशी कशाला, गॅलरीतल्या हवेशी करायला हवी होती. त्याच इंग्लंडने जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेप विकणं बंद केलं, ही बातमी त्याच्या मोबाइलपर्यंत पोचली नव्हती.

ठसक्याचं पुढे काय झालं, ते मला सगळ्यात अस्वस्थ करतं. २०१५ मध्ये अमेरिकेत जूल नावाचं उपकरण आलं, दिसायला पेन ड्राइव्हसारखंच, म्हणजे फसणारी मी पहिली नव्हे. साधं निकोटिन जास्त प्रमाणात ओढलं की घसा धरतो. त्यांनी त्यात बेन्झोइक ॲसिड मिसळून निकोटिनचा क्षार केला. आता भरपूर निकोटिन घशाला न खरवडता आत जायला लागलं. माझ्या वेळी शरीराने पहिल्याच झुरक्याला जी हाकाटी केली होती, ती बंद. वर आंब्याचा, पुदिन्याचा वास. २०१७ मध्ये तिथल्या हायस्कूलमधली ११.७ टक्के मुलं व्हेप ओढत होती, २०१९ मध्ये २७.५ टक्के. ना राख, ना थोटूक, ना वेणीला वास. चुगली करणारं कुणीच उरलं नाही. नंतर कायदे कडक झाले, चवींवर निर्बंध आले, आणि २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ वर उतरलं. म्हणजे ते खाली येऊ शकतं, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे २०१९ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला. ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं गुन्हा. साठवणं सोडून बाकी गोष्टींना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओंकारच्या मते यामुळेच तिचा भाव वाढला, पैशातही आणि क्लासच्या जिन्यातही. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हाही कायदा आहे, आणि महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला २०२० पासून बंदी आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीत दोरीला बांधलेला लाइटर लोंबकळतो, तो पाकीट घेणाऱ्यांसाठी नक्कीच नसतो. शिवाय सगळा गाजावाजा धुराचा. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते आणि तंबाखू खाणारे, लावणारे जवळजवळ पाव हिस्सा. २०१९ च्या शाळकरी मुलांच्या पाहणीत देशभरात तेरा ते पंधरा वयाची साडेआठ टक्के मुलं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. साठच्या वर्गात पाच. मी रोज हजेरी घेते, तेव्हा हा आकडा मधे मधे येतो.

आजोबांचं राहिलं. ‘अठ्ठ्याहत्तरपर्यंत जगले’ हे ओंकारचं वाक्य मी तसंच जाऊ दिलं नाही, पण चिडूनही बोलले नाही. त्यांचं शेवटचं आजारपण चाललं तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. त्याला आठवतं ते फक्त खोलीतलं घरघर करणारं मशीन, कारण त्यावर त्याला खेळण्यातल्या गाड्या ठेवायला मनाई होती. मी त्याला नळीबद्दल सांगितलं. ऑक्सिजनच्या मशीनला एक प्लॅस्टिकची नळी होती, नाकापर्यंत येणारी. पलंगापासून ती मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची. ओटीवर जायला बाबांना साधारण दोन हात कमी पडायचे. रोज संध्याकाळी ते उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून कोण गेलं ते आम्हाला विचारायचे. चार वर्षं. दादाने शेवटी लांब नळी आणली, तेव्हा त्यांना खुर्चीपर्यंत चालवत नव्हतं.

ओंकार काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, ‘मला वाटायचं त्यांना तिथे बसायला आवडतं.’

या सगळ्यात खरं वळण आलं ते वेगळ्याच कारणाने. पट्टी तांदळात मेली होती, तिघांनी दुसरी घेतली होती, आणि ओंकारने कुठल्याशा ताठ्यात त्यांना सांगून टाकलं होतं की मी आठवडाभर ओढणार नाही. सहज जमेल अशी त्याची खात्री. मंगळवारी त्याचं डोकं दुखलं. बुधवारी तो पंख्याच्या आवाजावरून माझ्या नवऱ्याशी भांडला, तो पंखा गेली सहा वर्षं तसाच वाजतोय. अभ्यासाला बसला की वीस मिनिटांत उठायचा, पाणी प्यायचा, बसायचा, उठायचा. गुरुवारी रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले तर हा तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून उभा. मी डबा दोनदा धुऊन उन्हात ठेवला होता, तरी तळाशी तो वास होता.

‘आत्या, मला वाटलं नव्हतं एवढं असेल,’ तो म्हणाला.

तेव्हा मला शेवटच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर सापडलं. नाण्याला आठवण नसते, पण झुरक्याला असते. निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि सोळाव्या वर्षी मेंदू अजून बांधकामावर असतो. जे येतं ते भिंतीत धरून ठेवतो. आजच्या झुरक्याने उद्याच्या झुरक्याची शक्यता बदलते. म्हणजे या घटना स्वतंत्र नाहीतच. चौदा वर्षं शिल्लक आहेत हे ओंकारचं गणित बरोबर होतं. फक्त थांबण्याचा दिवस आपण ठरवणार हे त्याने गृहीत धरलं होतं. कॅन्सर लांब आहे हेही बरोबर. पण जे लांब नव्हतं, जे त्याच महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं होतं, त्याची भीती त्याला कुणी घातली नव्हती. मीही नाही.

हे मी वर्गात सांगितलं. शेवटच्या बाकावरचा मुलगा त्या दिवशी गैरहजर होता.

ओंकारशी मी करार केला. सल्ला द्यायचा नाही, खोटं बोलायचं नाही. फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर, दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात, रोज रात्री दोन आकडे लिहायचे. त्याचा: आज किती वेळा. माझा: आज हेल्मेटशिवाय किती वेळा. कारण त्याने सरळ विचारलं होतं, ‘मी एकट्यानेच का?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेल्मेट घालून मी मंडईत पहिल्यांदा गेले तेव्हा भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘काय हो ताई, लढाईला निघालात?’ शेजारचे दोघे हसले. त्यांच्या नुसत्या बघण्याने माझे कान तापले. वय वर्षं पन्नास.

पहिल्या आठवड्यात त्याचे चार, दोन, शून्य, पाच असे आकडे होते. पाच लिहिलेल्या रात्री तो चौकोन खोडत होता, मी पेन काढून घेतलं. माझे शून्यच जास्त, पण पावसाच्या दिवशी एक, आणि एकदा दोन. जुलै संपत आला. काल मी एक लिहिला. कोथिंबीर संपली होती आणि पाहुणे दारात होते. ओंकारने शेजारी एक लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

‘कुठे?’ मी विचारलं.

‘कोपऱ्यापर्यंतच गेलो होतो,’ तो म्हणाला.

नवरा पाणी प्यायला आला. कालनिर्णयकडे बघून म्हणाला, ‘आज दूध दोन लिटर आलं?’